फी, फी आणि फी: थायलंडमध्ये इंग्रजी शिकवण्याचं माझं पहिलं वर्ष

थायलंडला इंग्रजी शिकवायला जाऊन आले हे कळल्यापासून आमच्या भागातल्या मुलींचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, कागदपत्रं कशी केलासा?" दुसरा जरा थांबून, हळू आवाजात, "एकटीला भ्या नाही वाटलं?" प्रत्येकीला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते. कागदांची भीती खरी निघाली. भुतांचं पुढं सांगते.

मी खानापूर तालुक्यातली. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढचं सगळं बेळगावात: बी.ए., बी.एड., मग एका खासगी शाळेत चार वर्षं इंग्रजी शिकवलं. पगार १४,०००. बाबा २०२१ मध्ये गेले. घरी आई, आज्जी आणि दादा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अर्ज पाठवायला सुरुवात केली तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.

बहुतेक जाहिरातींची पहिली ओळच ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’ अशी असते. म्हणजे पासपोर्ट अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा चारदोन देशांपैकी एकाचा हवा. ती ओळ वाचून मी सुरुवातीला जाहिरात बंद करायचे. नंतर तरीही अर्ज पाठवायला लागले. ४१ अर्ज, तीन मुलाखती, एक होकार. तो आला दक्षिण थायलंडमधल्या नाखोन सी थम्मरात प्रांतातल्या एका शाळेकडून. पगार २३,००० बाट. तेव्हा एक बाट सव्वादोन रुपयांच्या थोडा वर होता. त्याच कामाला गोऱ्या शिक्षकाला ३५,००० मिळतात हे तिथं गेल्यावर कळलं. राग आला. अजूनही येतो. पण हे आधी माहीत असतं तरी मी गेलेच असते, हेही खरं.

आता कागद. शाळेनं मागितलं ते असं: पदवीचं मूळ प्रमाणपत्र साक्षांकित करून, गुणपत्रिका, पोलिसांचा दाखला आणि इंग्रजीच्या परीक्षेचे गुण. आपण नेटिव्ह नाही, म्हणून परीक्षा. मी पुण्याला जाऊन टोइक दिली, ६०० च्या वर गुण हवे होते, मिळाले. हे गुण दोनच वर्षं चालतात, त्यामुळं नोकरीचं काही हलायच्या आधीच परीक्षा देऊन ठेवू नका.

पदवीनं मात्र मला रडवलं. प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी बाबांनी ते खडेबाजारात नेऊन लॅमिनेट करून आणलं होतं. "पावसाळ्यात भिजायला नको." दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो तो कागदाच्या पाठीवर, आणि प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही. एजंट फोनवर म्हणाला, "मॅडम, सोलून काढा." एक कोपरा ब्लेडनं उचकटून बघितला तर कागदाचा थरच वर यायला लागला. तिथंच थांबले. मग दुय्यम प्रमाणपत्रासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, चलन, आणि ३७ दिवस वाट. बाबांचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आता कपाटात आहे, एक कोपरा उचललेला. ज्यांची पदवी अजून कोरी आहे त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, दुकानात नेऊ नका.

दुसरी अडचण खास आपल्या सीमाभागाची. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बदललं. त्यामुळं माझ्या जन्मदाखल्यावर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत जुनं ‘बेलगाम’, पासपोर्टवर आणि पोलिसांच्या दाखल्यावर ‘बेळगावी’. थायलंडमधल्या शाळेतल्या बाईंनी ईमेल पाठवला: ही दोन वेगवेगळी शहरं आहेत का? तुमचा जन्म नक्की कुठल्या शहरात झाला? सीमाप्रश्न थेट थायलंडला पोचला म्हणून दादा हसला, पण मला १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘दोन्ही एकच’ असं लिहून द्यावं लागलं. तेवढा एक कागद आधीच करून ठेवा. वडिलांचं नाव कुठं पूर्ण, कुठं नुसतं आद्याक्षर असं असेल तर तेही त्याच कागदात मिटवून टाका.

पोलिसांच्या दाखल्याला ५०० रुपये. त्यासाठी हुबळीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेले. नंतर ठाण्यातून बोलावणं आलं. हवालदारसाहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, थायलंडला कशाला? मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, इंग्रजी शिकवायला. ते बराच वेळ माझ्याकडं बघत बसले. "आधी कन्नड नीट शिका," म्हणाले आणि सही केली. बरोबरच होतं त्यांचं.

व्हिसा ‘नॉन-इमिग्रंट बी’, शाळेच्या पत्रावर मिळतो. माझ्या वेळी कागदी अर्ज होता, पासपोर्ट पाठवून द्यावा लागला आणि तो परत येईपर्यंत अकरा दिवस जीव टांगणीला. १ जानेवारी २०२५ पासून भारतातूनही ई-व्हिसा झालाय, त्यामुळं तुमचा हा भाग सोपा जाईल. टोइक, दुय्यम पदवी, एजंट, व्हिसा, तिकीट सगळं धरून माझे ७८,००० रुपये गेले. त्यातले ५०,००० आईनं भिशीतून काढून दिले.

निघायच्या आदल्या दिवशी आज्जीनं विचारलं ते मात्र माझ्या यादीत नव्हतं. "तिकडं तुझ्या बाबाचं म्हाळ कोण घालतंय गे?"

"दादा घालतोय की इथं."

"तो घालतोय. तू?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू, तिथून बँकॉक, मग रात्रभराची रेल्वे दक्षिणेला. ६ मे २०२४ ला पासपोर्टवर शिक्का पडला: मुक्काम ३ ऑगस्टपर्यंत. ९० दिवस.

या ९० दिवसांत बाकीचं सगळं उरकायचं असतं. घरमालकानं तुम्ही राहायला आल्याचं इमिग्रेशनला कळवायचं. तो विसरला तर पुढच्या प्रत्येक कामात खोळंबा होतो, म्हणून पहिल्याच दिवशी मागं लागा. शिक्षक परिषदेकडून शिकवण्याची तात्पुरती परवानगी शाळा काढते. वर्क परमिटसाठी डॉक्टरी दाखला लागतो, त्यात क्षय, कुष्ठरोग, हत्तीरोग, दारूचं व्यसन यांतलं काही नाही असं लिहून देतात. डॉक्टरांनी माझ्या पायांकडं एक नजर टाकली आणि हत्तीरोग नाही असं ठरवलं. वर्क परमिटची निळी पुस्तिका जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आली, वर्षाचे ३,००० बाट आणि अर्जाचे १००. मग मुक्काम वाढवायला १,९०० बाट. मला शिक्का मिळाला ३० जुलैला, मुदतीच्या चार दिवस आधी. त्या आठवड्यात मी जेवले असेन असं वाटत नाही. मुदत उलटली की दिवसाला ५०० बाट दंड. पुढं दर ९० दिवसांनी राहता पत्ता कळवायचा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि सुट्टीत देशाबाहेर जाणार असाल तर आधी पुनःप्रवेशाचा परवाना काढा, एका खेपेचे १,००० बाट. नाहीतर वर्षभराचा मुक्काम विमानतळावरच संपतो.

या गडबडीत थाई शिकत होते. तिथं मोठ्या भावाला किंवा बहिणीला ‘फी’ म्हणतात आणि वयानं थोरल्या सहकाऱ्यालाही तसंच हाक मारतात. सूर वरून खाली यायला हवा. तोच शब्द खालून वर चढवला की त्याचा अर्थ होतो भूत. माझ्या शेजारच्या टेबलावर चाळिशीच्या एक बाई बसायच्या, मला आल्यापासून त्यांनीच सांभाळलं होतं. मी त्यांना दोन महिने रोज सकाळी हसतमुखानं ‘भूत’ म्हणून हाक मारत होते. त्यांनी एकदाही सुधारलं नाही. शेवटी सहावीतल्या एका मुलीला राहवलं नाही, तिनं सांगितलं. मी माफी मागायला गेले तर त्या म्हणाल्या, सवय झाली आता. आम्हा मराठी माणसांना तर तिसरी फीही ठाऊक, तीच सगळ्यात भीतीदायक.

भुतांची तिथं लपवाछपवी नसते. बहुतेक घरांच्या, दुकानांच्या कोपऱ्यात खांबावर छोटंसं देवळासारखं घर असतं, जागेच्या राखणदाराचं. त्याच्यापुढं फुलं, उदबत्ती, आणि स्ट्रॉ घातलेली लाल फॅन्टाची बाटली. शाळेच्या फाटकातही होतं. आमच्या गावात शिवेवरच्या राखण्याला नारळ आणि विडी देतात, तेव्हा फॅन्टाचं मला काही विशेष वाटलं नाही. बरोबरची फिलिपिन्सची शिक्षिका मात्र पहिले काही दिवस फाटकातून पळत आत यायची.

सप्टेंबरच्या मध्यावर शाळेत सगळे एकच बोलायला लागले: सात दुआन सिप. दुआन सिप म्हणजे दहावा महिना. सात म्हणजे काय विचारलं तर ‘फी’ बाईंनी सांगितलं, तुमचाच शब्द आहे, शारद. त्या महिन्याच्या वद्य प्रतिपदेला प्रेतं वर येतात, म्हणजे सोडली जातात, आणि अमावास्येला परत जातात. त्यांनी ‘प्रेत’ असंच म्हटलं. मी फोनमधलं कॅलेंडर काढून बघितलं. १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. आईला फोन केला. "आई, म्हाळ कधी?" "बुधवारी की, दोन तारखेला, सर्वपित्री." तीच अमावास्या.

या प्रेतांचं वर्णन ऐकून मी आधी हसले आणि मग गप्प झाले. ताडाएवढं उंच, हात झावळीएवढे, अंगावर मांस नाही, आणि तोंड सुईच्या नेढ्याएवढं. भूक प्रचंड, पण घास आत जात नाही. पंधरा दिवस मोकळं सोडतात, या काळात घरच्यांनी खायला दिलं तर पोचतं. त्यांनाही येण्याची तारीख आणि जाण्याची तारीख. मुदतवाढ नाही. इमिग्रेशनच्या बाकड्यावर बसून आलेल्या माणसाला हे लगेच समजतं.

तोंड सुईच्या नेढ्याएवढं म्हणून खाणंही तसंच करतात. ‘खनोम ला’ म्हणून एक पदार्थ आहे. तांदळाच्या पिठाचं साखर घातलेलं पातळ मिश्रण तळाला बारीक भोकं पाडलेल्या करवंटीतून तापल्या तव्यावर गोल गोल सोडतात. धाग्यांची जाळी तयार होते, ती घडी घालून काढतात. बाजारात त्या घड्यांची चळत बघितली आणि मला आपले बेळगावचे मांडे आठवले, तसाच कागदासारखा पातळपणा, तशीच घडी. चव वेगळी, जरा तेलकट, पण शहापुरातल्या लग्नघरात ताटाला लावून ठेवले असते तर कुणी वळून बघितलं नसतं. ‘ला’ म्हणजे मेलेल्यांचं वस्त्र. फुगलेली ‘फोंग’ म्हणजे पलीकडं जायला तराफा. ‘दी साम’ म्हणजे खर्चाला पैसे. तो मधे भोक असलेला तळलेला वडा. आमच्याकडंही म्हाळाच्या वड्याला मधे भोक पाडतात. का पाडतात ते मी कधी विचारलं नव्हतं.

३० सप्टेंबर खरेदीचा दिवस, १ ऑक्टोबरला सजवलेली ताटं देवळात न्यायची, २ तारखेला निरोप. मोठ्या शहरात या ताटांची मिरवणूक निघते, प्रेताची सोंगं घेतलेले लोक असतात, जत्रा भरते. ती मी एका संध्याकाळी बघून आले. गर्दी, भोंगे, आपल्या यात्रेसारखंच. पण २ तारखेला ‘फी’ बाई मला त्यांच्या गावच्या देवळात घेऊन गेल्या.

देवळाच्या आवारात बांबूचा उंच मंच केला होता. त्यावर ज्यानं त्यानं आपापलं खाणं ठेवलेलं: भात, मासे, केळी, त्या मिठाया, सुटी नाणी, एका कोपऱ्यात सिगारेटचं पाकीट. कुणाच्या तरी वडिलांना लागत असणार. ज्यांचं कुणी उरलं नाही अशा प्रेतांसाठी वेगळा वाटा खाली जमिनीवर. मंचाला पांढरा दोरा बांधून तो आत भिक्खूंपर्यंत नेला होता. त्यांचे मंत्र त्या दोऱ्यातून पोचतात.

बाईंनी मला कागदाचा तुकडा आणि पेन दिलं. "तुझं कोण?" मी बाबांचं नाव लिहिलं, देवनागरीत. थाई मला तेवढं येत नव्हतं आणि इंग्रजीत लिहावंसं वाटेना. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, वर रेघ का आहे विचारलं, आणि दोनदा म्हणून घेतलं. उच्चार चुकला. मी सुधारला नाही. तो कागद इतर नावांबरोबर एका पात्रात जाळला. मंचावर मी ठेवलं होतं ते खनोम ला, दोन केळी आणि बेळगावच्या कुंद्याचा शेवटचा तुकडा. मे महिन्यापासून फ्रीजरमध्ये जपलेला, जरा वातड झालेला. बाबांना कुंदा जास्त भाजलेला आवडायचा.

मंत्र संपले, दोरा गुंडाळला, आणि जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. शंभरेक पोरं आणि बरीच मोठी माणसं ओरडत मंचावर तुटून पडली. याला म्हणतात चिंग प्रेत, प्रेतांच्या ताटातलं हिसकावणं. काही ठिकाणी तर तेल लावलेल्या खांबावर चढून मिळवावं लागतं. ते खाल्लं की भलं होतं असं मानतात. आपल्याकडं श्राद्धाच्या ताटाला कावळ्याशिवाय कुणी हात लावायची हिंमत करील का? माझ्याच चौथीच्या वर्गातला एक मुलगा, एरवी एक वाक्य बोलायला दहा मिनिटं घेणारा, केळी बगलेत आणि कुंदा तोंडात असा माझ्यासमोरून पळत गेला. मला बघून थबकला, "गुड मॉर्निंग टीचर," म्हणाला, आणि पुन्हा पळाला. दुपारचे साडेबारा वाजले होते.

संध्याकाळी घरी फोन लावला. जेवणं उरकली होती: वडे, खीर, भोपळ्याची भाजी. आज्जीनं फोन घेतला.

"ठेवलीस काय तिकडं?"

"ठेवलं."

"कावळा शिवला?"

"इथं कावळ्याची वाट बघत नाहीत आज्जी. पोरं येऊन हिसकावून नेतात. माझ्या वर्गातलाच एक बाबांचा कुंदा घेऊन पळाला."

"खाल्लान काय?"

"पळत पळतच."

"मग शिवला की," आज्जी म्हणाली आणि फोन आईकडं दिला.

हॅलोविनचं प्रकरण यानंतरचं. इंग्रजी विभागाचं काम म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. इंग्रजी येतं म्हणजे हॅलोविन येणारच. मी आयुष्यात हॅलोविन बघितला नव्हता. शिवाय तिथं ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुट्टी असते, दुसरं सत्र १ नोव्हेंबरला सुरू होतं. (१ नोव्हेंबर म्हणजे आमच्या बेळगावात कर्नाटक राज्योत्सव, आणि मराठी माणसांचा काळा दिवस.) त्यामुळं ३१ ऑक्टोबर सुट्टीतच गेला. त्याच दिवशी घरी नरकचतुर्दशी होती, दादानं गोव्याच्या बाजूला पहाटे जाळलेल्या नरकासुराचा व्हिडिओ पाठवला.

त्या सुट्टीत बँकॉकला जाऊन ‘माए नाक’चं ठाणं मात्र बघितलं, वाट महाबुत देवळाच्या आवारात. नवरा लढाईवर असताना बाळंतपणात गेलेली बाई. तो परत आला तेव्हा बाळाला घेऊन घरात वाट बघत होती. एकदा तिच्या हातून लिंबू जोत्याखाली पडलं आणि तिनं वरूनच हात लांब करून उचललं, तेव्हा त्याला कळलं. आपण हिला अलवंतीण म्हणून तिच्यापासून पळालो असतो. तिथं तिला रेशमी कपडे आणि बाळाला खेळणी आणून देतात. मीही एक खुळखुळा ठेवला.

शाळेतला हॅलोविन ८ नोव्हेंबरला झाला. मी मुलांना सांगितलं की आयर्लंड-स्कॉटलंडकडं आधी सलगम कोरून दिवे करायचे, तिथली माणसं अमेरिकेला गेली आणि तिथं भोपळा सापडला. आमचा थाई भोपळा हिरवा आणि दगडासारखा. दोन सुऱ्या मोडल्या. मग खंडेनवमीला बेळगावात दुकानापुढं कुंकू भरलेला कोहळा आपटून फोडतात ते सांगितलं, आणि मुलांना कोरण्यापेक्षा तेच बरं वाटलं. मैदानावर तीन भोपळे फुटले. मुख्याध्यापकांना ते फारसं आवडलं नाही. वेशभूषेत चेटकिणी दोन-तीनच. बाकी हिरव्या कपड्यांतल्या केळीच्या झाडावरच्या ‘तानी’ आणि नुसतं मुंडकं आणि खाली लोंबती आतडी अशी ‘क्रासू’. आतडी लाल मोज्यांची केली होती.

"टीचरच्या देशात कुठलं भूत?" असं विचारलं तेव्हा मी हाकामारी सांगितली. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारते, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. आणि कर्नाटकातला तो जुना प्रकार: भूत दार वाजवतं म्हणून लोकांनी दारांवर ‘नाळे बा’ लिहून ठेवलं होतं, उद्या ये. ते रोज येतं, रोज वाचतं, रोज परत जातं. हे मुलांना इतकं पटलं की सोमवारी वर्गाच्या दारावर थाईमध्ये ‘उद्या ये’ असा कागद लागलेला. गृहपाठ तपासायला जाणाऱ्या मलाही तो लागू आहे असं त्यांचं म्हणणं.

शेवटचं एक व्यावहारिक. नोकरी संपते त्याच दिवशी मुक्कामाची मुदतही संपते, शिक्क्यावर पुढची तारीख असली तरी. शाळेशी शेवटची तारीख आधी नक्की करा आणि मगच तिकीट काढा. मी ३१ मार्च २०२५ ठरवली, निळी पुस्तिका परत केली, आणि वर्गातली माझी कात्री-टेप आणायला गेले. परीक्षा संपून शाळा रिकामी होती. दारावरचा कागद तसाच होता, एक कोपरा सुटलेला. टेपचा तुकडा तोडून तो कोपरा चिकटवला आणि स्टेशनला गेले.